उत्तनच्या अर्जांवरचे गोल

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन लिफाफे होते. दोन्हींवर अक्षर एकच, वळणदार आणि ठाम. एकावर लिहिले होते, ‘प्रति, जन माहिती अधिकारी’. दुसऱ्यावर, ‘प्रति, तक्रार निवारण अधिकारी’.

“दोन्ही तुमचेच,” आवक रजिस्टर पुढे करीत ताराबाई म्हणाल्या. “दोन सह्या करा. एक माहितीवाल्याची, एक तक्रारवाल्याची.”

ताराबाई आमच्या कार्यालयातील शिपाई. कार्यालय रोजगार मार्गदर्शनाचे. नोकरी शोधणाऱ्यांनी आमच्याकडे फॉर्म भरून नाव नोंदवायचे आणि कंपन्यांनी माणसे मागितली की आम्ही नावांची यादी पाठवायची. कोणाला नोकरी द्यायची हे कंपनी ठरवते. मुलाखतीच्या दारापर्यंत कोण जाणार हे मात्र यादीवर ठरते, आणि यादी करणारा माणूस मी. कर्मचारी कमी असल्यामुळे माहिती अधिकाराच्या अर्जांना उत्तरे देणाराही मीच आणि तक्रारींची चौकशी करणाराही मीच. आजवर या तीन खुर्च्यांची आपसात कधी टक्कर झाली नव्हती. त्या सोमवारी झाली.

दोन्ही कागद उत्तनच्या, म्हणजे भाईंदरच्या पलीकडे समुद्रकाठच्या गावच्या, सेलिना डिमेलो यांचे होते. त्यांनी बर्फाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्याचे काम बरीच वर्षे केले होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी आमच्याकडे नाव नोंदवले. हायवेलगतच्या काशीमीऱ्याच्या वेअरहाऊसमधून आमच्याकडे स्टोअरकीपरची मागणी वारंवार येई. त्यांचे नाव एकाही यादीत गेले नाही.

तक्रारीत लिहिले होते: “मी चौकशीला आले असता तेथील साहेब अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘तुम्हाला कशाला एवढ्या लांबचा त्रास?’ माझ्या गावामुळे माझ्याशी भेदभाव होत आहे. या महिनाअखेर मला चाळीस पूर्ण होतात. त्यानंतर या जागेसाठी माझा अर्ज चालणार नाही.”

ते नम्र साहेब मी.

माहितीच्या अर्जात चार मागण्या होत्या. पाठवलेल्या याद्यांच्या प्रती. उत्तन परिसरातील उमेदवारांच्या अर्जांच्या प्रती. नावे निवडण्याचा नियम. आणि चौथी मागणी अशी: “ज्या कर्मचाऱ्यांना अंतराची काळजी वाटते, त्यांचे स्वतःचे हजेरीपत्रक.”

चौथी मागणी वाचून मी पाण्याचा ग्लास संपवला. मी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहतो. कार्यालयात यायला रिक्षाने पंधरा मिनिटे लागतात. आमच्या हजेरीपत्रकात उशिराची लाल खूण सर्वांत जास्त वेळा कोणापुढे आहे, हे इथे पुन्हा लिहीत नाही. ते पुढे अधिकृतपणे उघड झालेच.

आता त्या गोलाविषयी सांगतो. नियमात त्याचा कोठेही उल्लेख नाही. फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक बारीक गोल काढीत असे. त्याचा अर्थ, ‘यांना त्रास देऊ नये.’ लहान मूल असलेल्या बाईच्या फॉर्मवर गोल. काठी टेकत आलेल्या गृहस्थांच्या फॉर्मवर गोल. उत्तनहून आलेल्या प्रत्येकाच्या फॉर्मवर गोल. यादी करताना गोलाचे फॉर्म मी बाजूला ठेवी. मनाला बरे वाटे. आपण कोणाला उगाच हेलपाटा घालायला लावत नाही, असे एक समाधान असे. हे समाधान मी कित्येक वर्षे विनातक्रार उपभोगले. ज्यांनी तक्रार करायची त्यांना गोलाचा पत्ताच नव्हता.

मी साहेबांकडे गेलो आणि गोलाचेही सांगितले. साहेब आमच्या कार्यालयाचे प्रमुख. माहितीच्या अर्जाला मी दिलेले उत्तर पटले नाही तर अर्जदाराने अपील करायचे असते आणि ते पहिले अपील साहेबांसमोर चालते. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि चष्मा काढला.

“साळवे, तो गोल पेन्सिलीचा आहे ना?”

“हो साहेब.”

“मग खोडरबर कशासाठी असतो?”

“साहेब, अर्ज आल्यानंतर रेकॉर्ड खोडणं म्हणजे...”

“मी खोडा म्हणालो का? मी फक्त विचारतोय, खोडरबर कशासाठी असतो?”

“मग या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी काशीमीऱ्याची यादी जाणार आहे. त्यात बाईंचं नाव घालू का?”

“अजिबात नाही! चौकशी चालू असताना नाव घातलं तर ती कबुली होईल. आधी चौकशी संपवा. माहिती द्यायला तीस दिवस आहेत ना? तीस घ्या. कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे का?”

तीस दिवसांत बाई चाळिशी ओलांडणार होत्या. म्हणजे नाव यादीत नाही म्हणून तक्रार, आणि तक्रार आहे म्हणून नाव यादीत नाही. ही सोय मला कागदोपत्री इतकी निर्दोष वाटली की मी मान डोलावून बाहेर आलो. याची मला आजही लाज वाटते.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. तक्रार निवारण अधिकारी या नात्याने मी यादी विभागाला पत्र लिहून खुलासा मागवला. यादी विभाग म्हणजे मी. मी पत्र खिशात घालून आपल्या टेबलाकडे निघालो, तर ताराबाईंनी अडवले.

“असं न्हेता येत नाही. जावक नंबर टाका. मग मी आवक करते. मग तुम्हाला मिळेल.”

“ताराबाई, मीच लिहिलंय, मलाच द्यायचंय.”

“म्हणूनच म्हणते. उद्या तुम्हीच म्हणाल, मला मिळालंच नाही.”

मी पोच दिली. दोन दिवसांनी मी स्वतःला स्मरणपत्रही पाठवले, कारण खुलासा आला नव्हता. ताराबाईंनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, “वरून विचारणा आलीय. जरा लवकर करा, ते साहेब चिडलेत वाटतं.”

खुलासा लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याशी अडकलो. ‘सदर गोल उमेदवाराच्या सोयीसाठी...’ एवढे लिहून थांबलो. सोय कोणाची, हे उमेदवाराला विचारले होते का? नव्हते.

मी मराठवाड्यातील एका गावाच्या वस्तीवर वाढलो. विशीत असताना तालुक्याच्या कचेरीत नोकरीच्या चौकशीला गेलो होतो. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिले आणि मायेने म्हणाले, “तुला नाही झेपायचं रे. कशाला उगाच दगदग?” त्यांनी मला फॉर्म दिला नाही. वर पाणी विचारले. पाणी मी प्यालो, आणि त्या माणसाला मी कधी माफ केले नाही. तीस वर्षांनी मी त्याच्याच खुर्चीत बसून त्याच्याच आवाजात बोलत होतो. फक्त पाणी विचारायचे राहून गेले होते.

इतके कळल्यावर माणसाने शहाण्यासारखे वागावे. मी खोडरबर काढला.

हे मला लिहायचे नव्हते, पण लिहिले पाहिजे. सेलिनाबाईंचा फॉर्म समोर घेतला आणि कोपऱ्यातला गोल खोडला. रबर जुना होता. गोल गेला आणि त्या जागी काळपट राखी डाग पडला, गोलापेक्षा मोठा. आधी कोणाचे लक्ष गेले नसते, आता आंधळ्यालाही दिसावा असा तो डाग. मी घाबरलो. मग प्रामाणिकपणाचा झटका आला आणि रेकॉर्ड पूर्ववत करण्यासाठी त्या डागावर मी गोल पुन्हा काढला. पेन्सिल जास्तच दाबली गेल्याने तो जाड आला. म्हणजे आधी पुरावा नष्ट केला आणि नंतर नवा तयार केला. दोन्ही गुन्हे पाच मिनिटांत, चहा गार होण्याच्या आत.

पुढच्या सोमवारी ताराबाईंनी फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या. इतर उमेदवारांचे फोन नंबर झाकायचे होते, म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून लावल्या. पहिली प्रत बाहेर आली तशी त्यांनी ती उजेडात धरली.

“साळवेसाहेब, मशीन तुमच्या बाजूनं आहे.”

कोपरा पांढरा शुभ्र होता. पेन्सिल उमटलीच नव्हती. आमच्या मशीनचा टोनर नेहमीच फिका असतो. बाईंच्या फॉर्मवर मात्र ढगासारखे काहीतरी आले होते.

साहेब खूश झाले. “उत्तम! आपण काही खोडलं नाही, काही लपवलं नाही. मशीनला दिसलं नाही, त्याला आपण काय करणार? द्या पाठवून.”

प्रत्येक प्रतीवर मला ‘मूळ कागदाप्रमाणे’ असा शिक्का मारून सही करायची होती. मी शिक्का उचलला आणि परत ठेवला. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी ताराबाई म्हणाल्या, “मारायचा तर मारा, नाहीतर शाईचा डबा बंद करा. वाळतोय.”

मी शिक्का मारला, आणि उत्तराच्या शेवटी एक ओळ वाढवली: “मूळ अर्जांवर पेन्सिलीच्या काही खुणा असून त्या छायाप्रतींत उमटलेल्या नाहीत. अर्जदाराने कार्यालयात येऊन मूळ कागदांचे निरीक्षण करावे.” माहिती अधिकारात अशी सोय आहे. अर्जदाराला मूळ फाईल समोर बसून पाहता येते. बाईंना तसा फोनही केला. साहेबांना ती ओळ दाखवली नाही. हा माझा या प्रकरणातला तिसरा गुन्हा, पण तेवढाच एक मी पुन्हा करीन.

बुधवारी मी दहा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयात पोहोचलो. सेलिनाबाई बाकावर बसल्या होत्या. शेजारी डबा, मांडीवर वही.

“कधी आलात?” मी विचारले.

“कुलूप होतं तवा,” त्या म्हणाल्या.

मी फाईल आणि हजेरीपत्रक समोर ठेवले. त्या एकेक फॉर्म पाहत गेल्या. तिसऱ्या फॉर्मशी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

“ही शून्यं कसली? मार्क हाय काय?”

मी सांगितले. ‘त्रास देऊ नये’ हा अर्थही सांगितला. त्यांनी एका गोलावर पेनचे टोक टेकवले.

“कोण काढतं?”

“मी.”

“आमच्यातल्या कुणी सांगितलं व्हतं, त्रास होतो म्हणून?”

“नाही.”

“मंग तुम्हांला कसं कळलं? उत्तनला कधी आलात?”

“एकदा. वीस वर्षांपूर्वी. मुलाच्या शाळेची सहल होती, मी पालक म्हणून गेलो होतो. रस्त्याला वळणं फार. मला बस लागली. उलटी झाली. तेव्हापासून वाटायचं, एवढ्या लांबून रोज माणसं कशी येत असतील...”

सेलिनाबाईंनी पेन खाली ठेवले.

“म्हंजे बस तुमाला लागली, आन नोकरी आमची गेली?”

ताराबाई तोंडाला पदर लावून झेरॉक्स मशीनच्या मागे गेल्या. मशीन बंद होते.

“साहेब, आई माझी मासळी विकते. भाईंदर पश्चिमेला. सकाळी सहाच्या आत मी तिच्या टोपल्या बाजारात उतरवते, मंग परत घरी जाते. रोज. तिथून काशीमीरा केवढं लांब? तवा तुम्ही कुठं असता?”

“सिल्व्हर पार्कला,” मी म्हणालो. “झोपलेला.”

“ते दिसलं हजेरीत.”

मग त्यांनी स्वतःचा फॉर्म उचलला. “माझाच गोल एवढा जाड कसा? आन हे काळं काय?”

इथे खोटे बोलण्याची शेवटची संधी होती. मी खोडल्याचे सांगितले. मग पुन्हा काढल्याचेही सांगितले. मला वाटले, आता त्या वहीत लिहून घेतील, फोटो काढतील, वर जातील. त्यांनी फॉर्म उजेडाकडे धरून तो डाग पाहिला.

“खोडला व्हता?”

“हो.”

“मंग तसाच ठेवायचा ना! गोल नसता तर माझं नाव यादीत गेलं असतं न्हाय? तेवढंच तर पायजे व्हतं मला. खोडलात पण, आन पुन्हा काढलात पण! बाबा रे!”

 दहा दिवस मी गोल ठेवावा की खोडावा, प्रत द्यावी की न द्यावी, खुलासा कोणाला करावा, यातच होतो. गोल खोडून नाव यादीत लिहिणे, हा मार्ग मला सुचलाच नव्हता. साहेबांनाही नाही. आम्ही दोघे केवळ पुराव्याची काळजी वाहत होतो.

“बाकीच्यांना विचारावं लागेल,” मी म्हणालो. “कोणाला जमेल, कोणाला नाही.”

“विचारा की. फोन न्हाय काय तुमच्याकडं?”

फोन होता. टेबलावरच होता.

गुरुवारी दिवसभर मी आणि ताराबाईंनी गोलाच्या एकेका उमेदवाराला फोन केला. एका आजोबांनी स्वतःच सांगितले, “न्हाय बा, लांब पडतं.” मला उगाच धीर आला. पण तो नकार त्यांचा होता, माझा नव्हता. लहान मूल असलेल्या बाई म्हणाल्या, “मूल आता पाचवीला आहे, सर.” काठीवाले गृहस्थ म्हणाले की पाय मोडला होता तेव्हा काठी होती, आता ते पोहायला जातात. बहुतेकांनी हो म्हटले, आणि जवळजवळ प्रत्येकाने विचारले, “आज बरी आठवण झाली?”

शुक्रवारी नवी यादी घेऊन साहेबांकडे गेलो. यादीवर त्यांची सही लागते. त्यांनी नावे वाचली.

“हिचं नाव? मी काय सांगितलं होतं?”

“साहेब, चौकशी काल संपली. तक्रार खरी आहे. कबुलीचा प्रश्नच नाही, कबुली मी लेखी दिलीय.”

“कोणाला दिलीत?”

“मलाच. तक्रार निवारण अधिकाऱ्याला.”

“आणि मी सही नाही केली तर?”

“तर बाई अपील करतील. ते तुमच्यासमोर येईल. मला सगळं लेखी सांगावं लागेल. खोडरबरासकट.”

साहेबांनी चष्मा काढला. “साळवे, तुम्ही मला धमकी देताय?”

“नाही साहेब. मी फक्त अपील कोणासमोर येतं, एवढं सांगतोय.”

सही करताना त्यांचे पेन दोनदा अडखळले, पण सही झाली.

मंगळवारी काशीमीऱ्याला मुलाखती होत्या, सकाळी साडेआठला. आमच्या कार्यालयातर्फे मला हजर राहायचे होते. मी मुद्दाम लवकर निघालो. जंक्शनला एक ट्रेलर आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये माझी रिक्षा. रिक्षावाल्याने इंजिन बंद केले आणि पेपर उघडला. मी नऊ वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा टप्पा चालत, वेअरहाऊसच्या गेटवर पोहोचलो.

एचआरचे गृहस्थ घड्याळ पाहत उभे होते. “सर, आपके उत्तनवाले तो पौने आठ बजे से बैठे हैं. मीरा रोडवाले अभी आ रहे हैं. आप कहाँ से आए?”

मी पत्ता सांगितला नाही.

सेलिनाबाई आतून बाहेर आल्या. त्यांना रॅकवरच्या मालाची नोंद कशी ठेवाल, असे विचारले होते. त्या म्हणाल्या, “बर्फ विरघळायच्या आत नोंद ठेवलेली हाय मी. तुमचा माल तर जागचा हलत पण न्हाय.” त्यांची निवड झाली. उत्तनच्या आणखी दोघांचीही. काठीवाल्या गृहस्थांची झाली नाही. त्यांना कंपनीने नाकारले, आम्ही नाही, एवढाच फरक. त्यांना तो फार मोठा वाटला, असे त्यांनी मला फोन करून सांगितले.

तक्रारीचा निकाल मात्र द्यायचा होता. तक्रार निवारण अधिकारी म्हणून मी यादी विभागातील साळवे यांना दोषी धरले आणि लेखी ताकीद दिली. पत्र टाईप केले, जावक नंबर घातला. ताराबाईंनी ते आवक केले आणि माझ्यापुढे ठेवून पोच मागितली.

“वाचून घ्या आधी,” त्या म्हणाल्या. “कडक लिहिलंय.”

मी वाचले. खरोखरच कडक होते. ते आज माझ्या सेवापुस्तकात आहे.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत जो धडा मिळाला तो फारसा मोठा नाही. कोणाची दया आली तर आधी त्याला फोन करावा. पुष्कळदा दया येण्याचे कारणच उरत नाही, आणि फोनचे बिल तसेही कार्यालय भरते.

फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढवला आहे: ‘कामाच्या ठिकाणी किती वाजेपर्यंत पोहोचू शकाल?’ तो उमेदवाराने स्वतः, पेनने भरायचा. निरीक्षणाच्या त्याच बुधवारी मी तो रकाना हाताने आखून सर्वांत आधी सेलिनाबाईंकडून भरून घेतला होता. त्यांचा फॉर्म अजून फाईलमध्ये आहे. कोपऱ्यात राखी डाग, डागावर माझा जाड गोल, आणि खाली रकान्यात त्यांचे वळणदार, ठाम अक्षर:

‘तुमच्या आधी.’